नाव सांगणारी बाई

"आता बोलतील काकासाहेब," धर्माधिकारी सर माइकवर म्हणाले आणि अख्खं सभागृह दाराकडं बघायला लागलं. सफारीतले, पोट सुटलेले कोणी पाहुणे येणार अशी मंडळींची समजूत. उठला तो तिसऱ्या रांगेतला एक काटकुळा पोरगा. अंगात नवा शर्ट, दुकानातल्या घड्या अजून तशाच दिसत होत्या. मागच्या बाकांवर खसखस पिकली. जुन्या पोरांपैकी कोणीतरी हळूच "चाचा, संभाल के" म्हणालं, तशी ती आणखी वाढली.

पहिल्या रांगेत बसलेल्या सरोजिनी पाटोदेकरनं मागं वळून डोळे वटारले. वटारणारच. हा पोरगा तिचा होता, तिचा पहिला विद्यार्थी. स्वतःची पीएचडी होऊन तिला आठ वर्षं झाली होती, त्यातली चार गाइडशिपच्या अर्जामागं धावण्यात गेली. बरोबरीच्यांची तीन-तीन पोरं डॉक्टर होऊन बाहेर पडली आणि ही आपली दुसऱ्यांच्या विद्यार्थ्यांची प्रकरणं तपासून देत बसली. अखेर या जुलैत मान्यतेचं पत्र आलं. पुंडलिकनगरच्या घरी आईनं देवापुढं पेढे ठेवले आणि 'एकदाचं गंगेत घोडं न्हालं' हे शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं.

मूत्रपिंडाच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या त्या विभागात नव्या पोरांची ओळख करून द्यायची एक रीत होती. विषय काय आहे ते इंग्रजीत कोणीही सांगतं; तो का घेतला, ते इथं घरच्या भाषेत सांगायचं. पाठ केलेलं चालायचं नाही. ही रीत विभागप्रमुख म्हणून धर्माधिकारी सरांनीच पाडलेली, आणि बाहेरून कोणी आलं की ते तिचं भारी कौतुक सांगायचे. त्या सकाळी पाच पोरं बोलून गेली होती, आणि पाचही जणांनी पाठच केलेलं होतं.

"मी काकासाहेब कारभारी निकम. देवगाव रंगारीचा," पोरगा म्हणाला. "नावाला हसून घ्या एकदाचं. आमच्या गल्लीत माझ्याच वयाचे दोन नानासाहेब हायेत. आमच्याकडं पोरगं रांगायच्या आधीच साहेब होतं. पुढं नाही झालं तरी फिकीर नसती."

आता मात्र सगळेच मोकळेपणानं हसले. सरोजिनीला बरं वाटलं. पोरगं चुणचुणीत आहे, तिच्या मनात आलं.

"अकरा वर्षांमागं आमच्या गावच्या शाळेत याच विभागाचं शिबिर आलं होतं. शेतात राबणाऱ्या बायांची मूत्रपिंडं कशी हायेत ते बघायला. चारशे बायांचं रक्त घेतलं. त्या रांगेत माझी आई सरूबाई आणि तिच्या मागं माझी चुलती भागूबाई, अशा दोघी जावा होत्या. आता फॉर्मवर नवऱ्याचं नाव पाहिजे. आणि आमच्या बाया जीव गेला तरी नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आईला विचारलं, आई गप. मागनं काकूच म्हणाली, कारभारी. मग काकूची पाळी. काकू पदर तोंडात धरून उभी. तिच्या नवऱ्याचं नाव आईनं सांगितलं, कडूबा. सगळी रांग अशीच चालली. पुढचीच्या नवऱ्याचं नाव मागची सांगती, मागचीच्या नवऱ्याचं पुढची. टेबलावरच्या मॅडम लिहून लिहून एवढ्या दमल्या होत्या, की मान वरच करत नव्हत्या. ज्या बाजूनं आवाज येईल त्या बाजूला नंबराची चिठ्ठी सरकवायच्या. आई घरी येऊन त्यांची नक्कल करायची. अशी."

त्यानं मान खाली घातली आणि डावीकडं, उजवीकडं असा हात झटक्यानं पुढं केला. सभागृहात हशा उसळला. सरोजिनीच्या शेजारच्या बाईंनी तिला कोपरानं ढोसलं. त्या टेबलावरची मॅडम म्हणजे सरोजिनीच, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. तीही हसत होती.

"पंधरा दिवसांनी काकूला पत्र आलं," तो पुढं म्हणाला. "मूत्रपिंडं बिघडायला लागलीत, दवाखान्यात जा. घरात रडारड. काकांनी तिला इथं शहरात आणून तीनदा तपासलं. काहीच निघालं नाही. काकू आजबी माझ्यापेक्षा जड गठुडं उचलती. आईला पत्र आलं नाही. म्हणजे आई चांगली. तिचे पाय सुजायचे, तोंडाला चव नसायची, पण दवाखान्यात चल म्हणलं की म्हणायची, माझं रक्त पास झालंय. दोन वर्षांनी ती गेली. मूत्रपिंडंच गेली होती. मी दहावीला होतो तवा. रक्त चांगलं असलेलं माणूस दोन वर्षांत जातं कसं, हे मला बघायचंय. म्हणून हा विषय."

सरोजिनीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं होतं. ते आवरायचं तिला सुचलं नाही.

तिला ती शाळा आठवली. पत्र्याखालचा उकाडा, हातातलं गळणारं पेन, आणि नवऱ्याचं नाव विचारलं की रांगेत उठणारी ती फिसफिस. तिला तेव्हा रागच यायचा. साधं नाव सांगायला एवढं लाजायचं काय? तिच्या घरी आई वडिलांना खुशाल 'सदाशिव, चहा घे' म्हणायची. त्यामुळं नवऱ्याचं नाव ज्या आवाजात आलं, ती बाई त्याची बायको, हे तिनं न विचारताच धरून चाललं होतं. आणि देवगावात नेमकं उलटं होतं. जिनं नाव उच्चारलं, ती त्या माणसाची बायको असूच शकत नव्हती. चिठ्ठी मात्र उच्चारणारीच्या हातात गेली. पुढच्या टेबलावर सुई घेऊन बसलेला माणूस चिठ्ठीवरचा नंबर तेवढा नळीवर उतरवत होता. बायांना वाचता येत नव्हतं. चिठ्ठी म्हणजे रांगेत बसायची परवानगी, एवढंच त्या समजत होत्या.

"ऐकलंत?" धर्माधिकारी सरांचा आवाज भरून आला होता. "रक्त निर्दोष, आणि दोन वर्षांत मृत्यू. इतक्या झपाट्यानं होणारा बिघाड. आपल्याच देवगावच्या माहितीत हा प्रश्न अकरा वर्षं पडून होता आणि तो घेऊन कोण आलं, तर त्या माउलीचा मुलगा. सरोजिनी मॅडम भाग्यवान आहेत."

टाळ्या पडल्या. पोरगा माइकजवळ उभा राहून पहिल्या रांगेकडं बघत होता. सरोजिनीनंही टाळ्या वाजवल्या.

चहा-समोसे सोडून ती तडक आपल्या खोलीतल्या कपाटाकडं गेली. सगळ्यात खालच्या कप्प्यात देवगावचं रजिस्टर होतं. दोनशे अकरा, सरूबाई कारभारी निकम, क्रिएटिनिन शून्य पूर्णांक आठ, म्हणजे मूत्रपिंडं ठणठणीत. दोनशे बारा, भागूबाई कडूबा निकम, चार पूर्णांक सहा. दुसऱ्या आकड्याभोवती लाल गोल. अक्षर तिचंच, वळणदार. या अक्षराचं कौतुक झालं होतं तेव्हा.

लाल गोल एकूण बारा होते. त्या बाराही जणींना पत्रं गेली होती. फेरतपासणीत त्यांतल्या नऊ जणींचं रक्त स्वच्छ निघालं, आणि विभागात आनंदीआनंद झाला. पत्रातच सल्ला दिला होता ना, पाणी भरपूर प्या, दुपारी सावलीत बसा. सल्ल्यानं नऊ जणी सुधारल्या. सरोजिनीच्या थिसिसचं अख्खं चौथं प्रकरण त्यावर उभं होतं. सरांनी त्यावर परदेशात जाऊन भाषण केलं होतं. दवाखान्यांच्या भिंतींवर पाण्याच्या तांब्याचं चित्र लागलं, ते त्यातूनच.

नऊ जणी सुधारल्या नव्हत्या. त्यांना काही झालेलंच नव्हतं. मग ज्यांना झालं होतं, त्या नऊ कोण? तिनं पेन्सिल घेतली आणि त्या नऊ जणींपैकी प्रत्येकीच्या लाल गोलाच्या वरच्या आणि खालच्या नावावर बारीक टिंब दिलं. अठरा टिंबं झाली. सरूबाई सापडली होती. उरलेल्या सोळांतल्या कुठल्या आठ, ते कागद सांगत नव्हता. बाई, काय करून बसलीस तू हे, ती स्वतःशीच म्हणाली.

धर्माधिकारी सरांनी तिचं सगळं नीट ऐकून घेतलं. मध्ये एकदाही अडवलं नाही.

"एका पोरानं सांगितलेल्या गमतीवरून?" शेवटी त्यांनी विचारलं.

"सर, त्या नऊ जणी आजारी नव्हत्याच. चिठ्ठ्या बदलल्या. माझ्या हातून बदलल्या."

"असेल. नसेलही. अकरा वर्षांनी कोण सांगणार?" ते चहाचा कप बशीत फिरवत राहिले. "तू आत्ता कुठं गाइड झालीस, सरोजिनी. ज्या थिसिसवर झालीस, तो मागं घेणार आहेस का? त्या मुलाची आई परत येणार आहे का? विषय बदलून दे त्याला. हुशार पोरगा आहे, कशावरही काम करील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"त्यांतल्या एखाद-दोघी अजून जिवंत असतील, सर."

"असतील तर एव्हाना दवाखान्यात पोचल्याच असतील." ते उठले. "आणि ते जुने नमुने फ्रीझरमध्ये जागा अडवून बसलेत. पुढच्या आठवड्यात ते निकाली काढायचेच आहेत."

सर काही दुष्ट नव्हते. तिच्या बापाच्या आजारपणात रोज डबा पाठवणारा माणूस. म्हणूनच त्यांचं बोलणं तिला पटायला लागलं, आणि पटतंय हे लक्षात येऊनही ती वाद न घालता जिना उतरून खाली आली.

चार वाजता ठरल्याप्रमाणे काकासाहेब तिच्या खोलीत आला. हातात नोंदणीचा फॉर्म होता, तो त्यानं टेबलावर उपडा ठेवला.

"बस," ती म्हणाली. "चांगलं बोललास सकाळी."

"बरं मॅडम." तो उभाच राहिला.

"हे बघ, विषयाचा जरा विचार करू या. एका घरात घडलेल्या गोष्टीवर पीएचडी उभी राहत नाही. तुझी भावना मी समजू शकते. पण संशोधनात भावनेला फार जागा नसते. पाण्यातल्या क्षारांवर चांगलं काम निघतंय, मी मदत करीन."

"आईचं जुनं रक्त असंल ना, मॅडम? ते परत तपासलं तर कळंल. आणि ते कुणाचं हाय तेबी कळंल. माझं रक्त हायेच जुळवायला."

सरोजिनीनं टेबलावरचा स्टेपलर उचलला आणि दुसरीकडं ठेवला.

"ते नमुने राहिले नाहीत रे."

"राहिले नाहीत?"

"तीन वर्षं झाली. उन्हाळ्यात दोन दिवस वीज गेली होती. फ्रीझर बंद पडला, सगळं टाकून द्यावं लागलं." एक खोटं बोललं की त्याच्या पाठोपाठ दुसरं आपसूक येतं, आणि ते पहिल्यापेक्षा सफाईनं येतं. "मलाही फार वाईट वाटलं होतं," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली. खिडकीबाहेर कोणी तरी गाडी सुरू करायला किका मारत होतं. गाडी सुरू होऊन निघून गेली.

"सकाळी कार्यक्रमाच्या आधी प्रयोगशाळेतल्या फकिरा मामांनी आम्हा नव्या पोरांना फ्रीझर दाखवला," तो म्हणाला. "देवगावचा हाय म्हणलं तर मामांनी देवगावचा डबाच काढला. हातमोजा दिला. म्हणले, बघ आपल्या गावचं रक्त कसं गार पडलंय. दोनशे बारा नंबरची नळी मी हातात घेतली होती. लई वेळ नाही धरवली."

सरोजिनीचा चेहरा उतरला. काहीतरी बोलायला हवं म्हणून तिच्या तोंडून निघालं, "आईचा नंबर दोनशे अकरा."

"कागदावर," तो म्हणाला.

आता तिला त्याच्याकडं बघता येईना.

"कधी कळलं तुला?"

"एमएस्सीला असताना. तुमचा थिसिस लायब्ररीत हाय. मागं तक्त्यात नंबर हायेत सगळे. काकूच्या पत्रावर तिचा नंबर होता, अजून ट्रंकेत हाय ते पत्र. आणि आईची नक्कल मला पाठच होती. नाव सांगणारी बाई त्या नवऱ्याची नसती, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मंग चिठ्ठी कुणाकडं गेली? ह्याला काय शास्त्र लागत नाही."

"मग सकाळी ते सगळं..."

"सरांनी सांगितलं ना, का घेतला विषय ते घरच्या भाषेत सांगा. सांगितलं." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला सोपं गेलं असतं. "तुम्ही हसता हसता थांबल्या, ते मी बघितलं. म्हणलं, कळलं मॅडमला. आता उठतील. मंग तुम्ही टाळ्या वाजवल्या. म्हणलं, धक्का बसला असंल. चार वाजेपर्यंत थांबू."

सरोजिनीनं डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि ओढणीनं पुसत राहिली. तिला लाज वाटत होती, आणि त्या लाजेखाली या पोराचा रागही येत होता. माझाच पहिला विद्यार्थी, आणि मलाच पारखायला निघाला. तो राग खोटा आहे हे तिला कळत होतं, तरी तो येत होता.

"काकूला सांगितलंस?" तिनं विचारलं.

"नाय. काकू समजती, मरण तिच्या नावानं आलं होतं आणि ते माझ्या आईनं अंगावर घेतलं. वर्षश्राद्धाला ती दिवसभर पाणी पीत नाही. तिला हे सांगितलं तर म्हणंल, माझ्या हातातली चिठ्ठी मी सरूला दिली असती तर सरू जगली असती. तिची काय चूक त्यात? तिला सांगणार नाय मी."

त्यानं फॉर्म उलटा करून तिच्यापुढं सरकवला. विषयाची ओळ आधीच भरलेली होती, सावकाश काढलेल्या अक्षरात: देवगाव शिबिरातल्या चारशे स्त्रियांच्या रक्तनमुन्यांची फेरओळख. त्याखाली मार्गदर्शक म्हणून तिचं पूर्ण नाव, आणि नावापुढं सहीची मोकळी जागा.

"आईचं सोडा," तो म्हणाला. "आणखी आठ बाया हायेत. त्यांना पत्रंच गेली नाहीत. त्यांतल्या एक-दोन जरी जित्या असल्या, तरी त्या आज म्हणत असतील, माझं रक्त पास झालंय. नळ्या फ्रीझरमध्ये हायेत. पण रांगेत कोण कुणाच्या मागं होतं, ते तुमच्या रजिस्टरात हाय. आणि चिठ्ठी कशी दिली, हे लिहून द्यायला तुम्हीच लागता. दुसरं कोणी देऊ शकत नाही. म्हणून तुम्हाला गाइड मागितलं. बाकी काय नाही."

रजिस्टर कपाटात होतं, पेन्सिलीच्या अठरा टिंबांसह. तिथवर तिला चारच पावलं चालायचं होतं. चौथं प्रकरण गेलं की थिसिस जाणार, थिसिस गेला की पदवी, मग मान्यता, मग या खोलीच्या दारावरची पाटी. पुंडलिकनगरला आईला काय सांगायचं, हेही तिच्या मनात येऊन गेलं. आणि त्या आठ बायांचे चेहरे आणायचा प्रयत्न केला तर एकही चेहरा येईना. तिनं तेव्हा बघितलेच नव्हते.

तिनं पेन उचललं. टोपण काढलं. पुन्हा लावलं.

"सरांना एकदा विचारावं लागेल," ती म्हणाली. "विभागाचा प्रश्न आहे. फ्रीझरमधलं काही वापरायचं तर त्यांची परवानगी लागते. तू हा फॉर्म ठेवून जा. मी उद्या, फार तर परवा कळवते."

"पुढच्या आठवड्यात डबे काढणार हायेत, असं मामा म्हणले."

"मी बोलते ना त्यांच्याशी."

"व्हय," काकासाहेब म्हणाला.

तिला वाटलं, आता जाईल. त्यानं दाराकडं बघितलंही. मग समोरची खुर्ची मागं ओढली आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिच्यासमोर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"तुमचं होऊ द्या, मॅडम," तो म्हणाला. "त्या दिवशी आई सकाळी सातपासून रांगेत उभी होती. दोन वाजता तिचा नंबर लागला. मी बसतो."